बोल रं, भाड्या!

दिनानाथ माईकवाल्याला देवानं तोंड दिलं ते थेट कर्णा जोडूनच, पण ऐकलेली गोष्ट पोटात ठेवायला जागा द्यायची तेवढी राहून गेली. काशीदच्या अलीकडे, अलिबाग-मुरुड रस्त्याला टेकून असलेल्या त्या गावात हळद असो, बारसं असो की सरपंचाची निवडणूक, कर्णे त्याचेच लागत. अडतीस वर्षं झाली. टेम्पोच्या पाठीवर ऐसपैस अक्षरांत रंगवलेलं आहे, 'ठमाबाई साऊंड सर्व्हिस'. धंद्याला बायकोचं नाव का, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "घरातला मोठ्यात मोठा आवाज तिचा, म्हणून." हे तो ठमाबाई जवळपास नाही याची खात्री करून म्हणायचा, आणि ती खात्री दर वेळी चुकायची.

त्याचा बाप मिठागरावर राबला. दिनानाथही दोन हंगाम गेला, पण तिथं दिवसभर गप्पा मारायला माणूस मिळत नाही, ही अडचण त्याला उन्हापेक्षा जड गेली. तिसऱ्या वर्षी तो मुंबईला गेला आणि जुन्या बाजारातून एक मशीन घेऊन आला. शिकलेली माणसं जिला ॲम्प्लिफायर म्हणतात ती. पत्र्याची करडी पेटी, पुढं चार बटणं, एक लाल दिवा. तेव्हापासून गावात काही घडलं की ते आधी दिनानाथला कळायचं, मग कर्ण्याला, आणि ज्याच्या घरात घडलं त्याला सगळ्यात शेवटी.

मशीनला एक खोड होती. कार्यक्रम रंगात आला की मधेच मुकी व्हायची. दिवा लाल, बाकी सगळं गप. मग दिनानाथ तिच्या डाव्या कुशीत एक थापटी द्यायचा आणि म्हणायचा, "बोल रं, भाड्या!" की ती बोलायची. थापटीनं बोलायची की शिवीनं, हे त्यानं कधी तपासलं नाही, कारण दोन्ही एकदमच निघायची. मशीन बाई की बाप्या, याचाही त्याला कधी पत्ता लागला नाही.

आता 'भाड्या' हा शब्द बाहेरच्या माणसाला फार लागतो. त्या गावात मात्र ती जवळच्या मित्राला मारायची हाक आहे. ज्याला कोणीच भाड्या म्हणत नाही, त्याचं गावात फारसं कोणाशी बरं नाही असं समजावं. तरी एखाद्या पाहुण्यानं भुवया वर केल्याच, तर दिनानाथकडे उत्तर तयार असायचं, "अवो साहेब, भाड्यानं देतो ना तिला, म्हणून ती भाड्या." या विनोदाला अडतीस वर्षांत एकच माणूस मनापासून हसला होता, तो दिनानाथ स्वतः.

नातीचं नाव रुचिका. मुलगा आणि सून पनवेलकडे कंपनीत कामाला, म्हणून पोर लहानपणापासून आजी-आजोबांपाशी. इतर मुलं चिऊ-काऊ शिकत होती तेव्हा ही 'हॅलो, माईक टेस्टिंग' शिकली. दिनानाथ तिला मांडीवर घेऊन मशीनशेजारी बसायचा, आणि मशीन मुकी झाली की पोरीचाच हात धरून थापटी मारायचा. नववीत गेली तोवर तिचं भाषण असं झालं की तालुक्याला पहिली आली. आता अलिबागला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेला शाळेतून तिचं नाव जायचं होतं. दिनानाथनं ही बातमी रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत एसटीच्या प्रत्येक कंडक्टरला सांगून ठेवली होती.

मग आली सव्वीस जानेवारी.

शाळेच्या पटांगणात मांडव. प्रमुख पाहुणे कुठलेसे निवृत्त अधिकारी. त्यांची पदं इतकी होती की निमंत्रणपत्रिकेत नावाला जागा कमी पडली. रुचिका बोलायला उभी राहिली, विषय 'आपला किनारा, आपली जबाबदारी'. मशीन मंचाच्या कडेला बाकड्यावर. मशीनच्या शेजारून माईकवाल्यानं हलायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम, आणि तो दिनानाथनंच गावाला सांगितलेला. पण मांडवामागे हिरामण उभा होता. हिरामणची काशीदच्या किनाऱ्यावर वडापावची टपरी आहे, त्यामुळे त्याच्यापाशी ताजा माल असतो, म्हणजे बातम्या. त्या दिवशीची बातमी अशी की किहीमच्या एका बंगल्यात मुंबईचा एक शेठ उतरलाय आणि सोबत जी बाई आहे ती शेठची बायको नाही. दिनानाथनं मनाशी म्हटलं, दोनच मिनिटं. अशी दोन-दोन मिनिटं जोडली तर त्याचं अर्धं आयुष्य भरेल.

"मग कोण हाय रं ती?" त्यानं विचारलं, आणि तेवढ्यात कर्ण्यातून रुचिकाचा खणखणीत आवाज आला, "...म्हणून मी उपस्थित मान्यवरांना एकच कळकळीची विनंती करते की—"

आणि मशीन मुकी झाली.

दिनानाथचा उजवा हात आपोआप उचलला गेला. पण मशीन तीस पावलांवर, आणि हातात चहाचा ग्लास. तिकडे रुचिकानं माईक हातात धरूनच दोन पावलं टाकली, लहानपणापासून जे पाहिलं तेच केलं, आणि शाळा, मारुतीचं देऊळ, एसटीचा थांबा आणि खाडीतल्या होड्यांपर्यंत चारी कर्ण्यांतून स्वच्छ शब्द गेले,

"बोल रं, भाड्या!"

पटांगण असं चिडीचूप झालं की झेंड्याची दोरी खांबावर आपटते ते ऐकू यायला लागलं. पोरीच्या ध्यानातच आलं नाही. मशीन चालू झाली म्हणून ती खुशीत पुढं म्हणाली, "...की त्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या वापरू नयेत." प्रमुख पाहुण्यांच्या हातात तेव्हा नेमकी प्लास्टिकची बाटली होती आणि तोंडात तिच्यातलं पाणी होतं. ते पाणी पहिल्या रांगेवर गेलं.

"कोणाची मुलगी ही?" पाहुणे कडाडले.

दिनानाथ धावत आला. मंचावर शाळा समितीचे अध्यक्ष धर्माजी बसले होते. हे धर्माजी म्हणजे त्याचे लंगोटीयार. दोघं मिळून खेकडे धरायचे, आणि पन्नास वर्षांत धर्माजीनं त्याला त्या एका शब्दाखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. तेच धर्माजी आज कोट घालून म्हणाले, "दिनानाथराव, ही आपली नात ना? काय हे?"

त्या 'राव'नं दिनानाथची गाळण उडाली. ज्याला मित्र राव म्हणतो तो मेलाच. त्यानं नातीच्या हातून माईक घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणाची तरी खरी बातमी दडवली.

"मोबाईल!" तो गरजला. "साहेब, सगळं त्या मोबाईलनं केलंय. आमच्या घरात असला शब्द नाय. कधीच नाय!"

तिसऱ्या रांगेत कोणाला तरी जोराचा ठसका लागला. रुचिकानं आजोबाकडे एकदाच पाहिलं आणि मंचावरून उतरली. त्या नजरेपुढं दिनानाथला वाटलं, हिनं आपल्यालाच दोन शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं.

कोणीतरी नऊ सेकंदांचा व्हिडिओ केला होता. तो संध्याकाळपर्यंत मुरुडला पोचला, दुसऱ्या दिवशी किहीमला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला कोणीतरी ढोलकी जोडली. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणत होता, संस्कार संपले. दुसरा म्हणत होता, पोरगी योग्य माणसाला योग्य तेच बोलली, शाळेचं छप्पर याच साहेबांच्या काळात तीन वर्षं गळत होतं. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं रीतसर निषेध पाठवला. त्या निषेधातच चार शिव्या होत्या, त्यातल्या दोन दिनानाथलाही नवीन. मच्छीबाजारात काशी आणि तिची शेजारीण बोंबलाच्या टोपलीवरून सकाळी सकाळी एकमेकींच्या सात पिढ्यांपर्यंत जाऊन आल्या, आणि दम घ्यायला थांबल्या तेव्हा दोघी एका सुरात म्हणाल्या, "आजकालच्या पोरींच्या तोंडाला काय धरबंध न्हाय बाय."

एरवी अशा प्रकरणावर दिनानाथनं महिना काढला असता. आता तो टेम्पो घेऊन बाजारातून जायला लागला की लोकच त्याच्याकडे बघून गप्प होत. आपण आयुष्यभर ज्यांच्या पाठीमागे बोललो त्यांना कसं वाटत असेल, असा एक विचार त्याच्या मनात डोकावला. त्यानं तो लगेच हाकलला. एका आठवड्यात इतकी सुधारणा झेपली नसती.

समितीनं ठराव केला. शनिवारी पालकांच्या सभेत रुचिकानं माफीचं पत्र वाचायचं. वाचलं तर अलिबागला तिचंच नाव, नाहीतर विपुलचं. विपुल हा दहावीतला मुलगा. पाठांतर दांडगं, पण भाषण करताना श्वास घ्यायला विसरायचा. पत्राचा मजकूर समितीनंच लिहून दिला होता.

रुचिका चार दिवस आजोबाशी बोलली नव्हती. गुरुवारी जेवताना तिनं तो कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"आबा, माफी मी मागीन. शब्द तोंडून गेला तो गेला. पण ही तिसरी ओळ वाचा."

दिनानाथनं चष्मा लावला. तिसरी ओळ होती, 'सदर अपशब्द मी मोबाईलवरून शिकले, माझ्या घरी असे शब्द वापरले जात नाहीत.'

"ही ओळ तुमी बोललात," रुचिका म्हणाली. "मी वाचणार नाय. विपुलला जाऊ दे अलिबागला."

ती उठून गेली. ठमाबाई वाढता वाढता थांबली.

"गिळा आता," ती म्हणाली. "पोरीचं अलिबाग गिळलात, भाकरी कशाला ठेवता?"

"अगं, मना काय म्हाईत त्यो शब्द कर्ण्यातून जाईल म्हणून!"

"जाऊन दे शब्द. शब्द कोनचा मोठा लागून गेला! तुमी पोरीला एकटी सोडलीत त्याचं बोला." मग तिनं कोपऱ्यातल्या मशीनकडे हात केला. "आनि ह्या पेटीपायी झालं सगळं. हिला आधी सरळ केली पायजे, मग तुमाला."

हे दुसरं वाक्य दिनानाथनं नेहमीचंच समजून सोडून दिलं. तिथं तो चुकला.

त्यानं मनाशी बेत केला. शनिवारी कर्णे त्याचेच असणार. नात उभी राहायच्या आत आपणच माईक घ्यायचा आणि सगळं कबूल करायचं. आणि लोकांना पटलं पाहिजे म्हणून पुरावा द्यायचा. मशीन पाच-दहा मिनिटांत मुकी होणार, अडतीस वर्षांत तिनं कधी दगा दिला नव्हता. ती मुकी झाली की सभेसमोर थापटी मारायची, शब्द उच्चारायचा, मशीन बोलेल, आणि सगळ्यांना कळेल की पोरीनं शिवी दिली नाही, मशीन चालू केली. बेत त्याला इतका आवडला की शुक्रवारी त्यानं आरशासमोर थापटीची तालीमसुद्धा केली. आरसा ठमाबाईच्या माहेरचा होता, थोडक्यात वाचला.

शनिवारी सकाळी शाळेचा हॉल भरला होता. गेल्या पालकसभेला अकरा माणसं होती, या वेळी खिडक्यांतही उभी. हिरामणनं टपरी बंद ठेवली होती. बाहेरच्या आंब्याला नेहमीप्रमाणे दोन कर्णे बांधलेले. समोर धर्माजी, त्यांच्या शेजारी मुख्याध्यापिका मृणाली बाई. बाई दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, मराठी इतकं शुद्ध की गावातली माणसं त्यांच्याशी बोलायच्या आधी घसा साफ करत. रुचिका कागद हातात घट्ट धरून पहिल्या बाकावर बसली होती.

दिनानाथनं माईक घेतला.

"मंडळी, पोरगी काय वाचायच्या आत मना बोलायचंय. त्यो शब्द मोबाईलचा न्हाय. माझा हाय. ही मशीन बंद पडली की मी तोच शब्द बोलतो, मगच ती चालते. पोरीनं मशीनला हाक मारली, साहेबांना न्हाय. आता बघा तुमी, ही बंद पडंल."

मशीन बंद पडली नाही.

"पडंल," दिनानाथ म्हणाला. "जरा टाईम घेते."

मग वेळ काढायला तो बोलत राहिला. मिठागर सांगितलं, मुंबईचा जुना बाजार सांगितला, पहिल्या हळदीला कर्णा नवरीच्या मामाच्या डोक्यावर कसा पडला तेही सांगितलं. मशीन आयुष्यात बोलली नव्हती इतकं गोड बोलत होती. खरखर नाही, शिट्टी नाही. त्याचा प्रत्येक शब्द आंब्यावरून गावभर जात होता. त्यानं वायर हलवली. बटण पिळलं. बायकांच्या रांगेत ठमाबाई मात्र मोठ्या कौतुकानं हसत होती, आणि ते हसू बघून त्याला जास्तच घाम फुटला.

"कवा पडणार, दिनानाथकाका?" खिडकीतून आवाज आला. "का उद्या येऊ?"

"आजा नातीला वाचवतोय रं," दुसरा म्हणाला. "बिचाऱ्या मशीनवर घालतोय!"

हशा पिकला. धर्माजींनी घड्याळ बघितलं. "दिनानाथराव, सभेचा वेळ जातोय."

"काका, तुमची भावना समजली," मृणाली बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता बसा आपण. रुचिका, ये. वाच."

रुचिका उठली. माईकपाशी येऊन तिनं कागद उलगडला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि थांबली. बाईंकडे पाहून म्हणाली, "बाई, पुढची ओळ खरी नाही. मला नाही वाचता येणार." आणि तिनं कागद घडी करायला घेतला. धर्माजींनी समितीच्या कारकुनाकडे मान वळवली. विपुलचं नाव आता त्यांच्या तोंडातून निघणारच होतं.

दिनानाथला दिसलं ते फक्त त्या कागदाची घडी. एक घडी, दोन घड्या. अडतीस वर्षं ऐन वेळी दगा देणारी पेटी, आणि आज, आजच, हिला शहाणपण सुचलं! त्याच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. दाणकन त्यानं मशीनच्या डाव्या कुशीत हाणली आणि नातीपुढच्या माईकपासून वीतभर अंतरावर जीव तोडून ओरडला,

"आज तरी गप बस ना रं, भाड्या!"

गेलं. आंब्यावरून गेलं, देवळावरून गेलं, खाडीवरून गेलं.

मग बायकांच्या रांगेतून काशी कोळीण शांतपणे म्हणाली, "व्हय. तोच सूर हाय. थापटी पन तीच."

मृणाली बाई फळ्याकडे वळल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी त्या बराच वेळ तो वाचत राहिल्या आणि त्यांचे खांदे हलत होते. धर्माजी कोटासकट खुर्चीत वाकले, टेबलावर हात आपटला, आणि समोर माईक आहे हे विसरून म्हणाले, "अरे भाड्या! तूच व्हय त्यो!"

तेही खाडीपर्यंत गेलं.

हसणं थांबायला वेळ लागला. दिनानाथ मधोमध उभा, कानांच्या पाळ्या लाल. लोक आपल्याला हसतायत हे त्याला कळत होतं, पण त्याला एकच गोष्ट सुखाची लागली होती. धर्माजीनं 'राव' काढून टाकलं होतं.

मृणाली बाई वळल्या तेव्हा चेहरा पुन्हा मुख्याध्यापिकेचा होता. "माफी मागायची ठरली आहे, ती मागितली जाईल," त्या म्हणाल्या. "शब्द शाळेत उच्चारला गेला आहे, एकदा नव्हे, तीनदा. फक्त पत्र कोणी वाचायचं, त्यात दुरुस्ती करू. काका, आपण वाचा. तिसरी ओळ खरी करून. अध्यक्षांनी मागाहून सही करावी."

धर्माजी एकदम सरळ बसले.

रुचिकानं खिशातून पेन काढून तिसरी ओळ खोडली. दिनानाथनं चष्मा लावला. "सदर अपशब्द माझी नात माझ्याकडून शिकली," त्यानं वाचलं. "यापुढे मी... सु... सु..."

"सुसंस्कृत," रुचिका त्याच्या कानाशी म्हणाली. गुरुवारनंतर ती त्याच्याशी बोलली तो हा पहिला शब्द.

"...भाषा वापरीन," दिनानाथनं घाईनं पुरं केलं. तो अवघड शब्द त्यानं उडवला ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आलं असतं तरी कोणी टोकलं नसतं. अलिबागला रुचिकाचंच नाव गेलं. विपुलनं तेव्हा कुठं श्वास घेतला.

घरी जाताना टेम्पोत दिनानाथ मशीनला मांडीशी धरून बसलेल्या ठमाबाईला म्हणाला, "कायतरी करणी हाय. अशी कधी चालली न्हाय ही."

"चालंल कशी न्हाय?" ठमाबाई म्हणाली. "शुक्रवारी तुमी मच्छी आनायला गेलात तवा एसटीनं मुरुडला नेली मी हिला. त्यो दुरुस्तीवाला बोलला, काकी, आतली एक तार सुटलीय, दोन मिनटांचं काम. मी बोलले, मशीन बंद नाय पडली तर ह्यांचं तोंड पन बंद राहील."

दिनानाथनं गाडी बाजूला घेतली. दोन मिनिटांचं काम! अडतीस वर्षं तो ज्याला आपली कला समजत होता, ती एक सुटलेली तार होती.

त्यानंतर मशीन कधी अडली नाही. बटण दाबलं की बोलते, शहाण्यासारखी. कार्यक्रमात दिनानाथ तिच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसतो आणि त्याचं मन लागत नाही. एकदा हळदीला त्यानं कारण नसताना तिला हळूच थापटलं, तेव्हा ठमाबाईनं लांबूनच डोळे वटारले.

पंधरा दिवसांनी अलिबागहून फोन आला. रुचिका दुसरी आली होती.

"पहिला कोन?" दिनानाथनं आधी तेच विचारलं, बातमी अर्धवट सांगायची सवय नव्हती त्याला.

"ते राहू दे आबा. ऐका ना. माझं भाषण चालू असताना तिथला माईक बंद पडला."

दिनानाथ ताडकन उठून उभा राहिला. "मंग?"

"मग मी माईकला थापटी मारली."

"आनि?"

पलीकडे एसटी स्टँडची गडबड चालली होती. मग पोरगी हळूच म्हणाली, "तोंडानं काय नाय बोलले. मनात बोलले."

"चालू झाला?"

"झाला ना! लगेच."

दिनानाथनं फोन छातीशी धरला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, कर्ण्याशिवाय, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "ऐकलंस काय गं? तारेचं काय न्हाय! शब्दच लागतो!"

"गप बसा, भाडे!" आतून आवाज आला.

त्या आवाजावर अंगणातला दिनानाथ एकटाच हसत बसला. अडतीस वर्षांत ठमाबाईनं त्याला पहिल्यांदा मित्राची हाक मारली होती, तीही आदरार्थी.